सात जणांचं टेबल

आईने दुसरं लग्न केलं तेव्हा मी सातवीत होते. आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघं एका सुताराच्या घरी राहायला गेलो. तिथे ते स्वतः, त्यांची म्हातारी आई आणि तीन मुली. मी त्यांना काका म्हणायचे. बाबा म्हणायला जीभ वळत नव्हती. त्या घरात कुठे बसावं तेच मला कळायचं नाही. या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरायचे. त्यात मला मावशीकडे शिकायला ठेवायची कुजबुज कानावर आलेली.

एका सकाळी काकांनी मागच्या अंगणात लांबलचक फळ्या जोडून ठेवल्या.

"सगळे एकदम जेवायला बसतील असं गोल टेबल करतोय," ते म्हणाले. "माणशी बावीस इंच कड हवी. कमी पडली की ताटं भांडतात."

मधोमध खिळा ठोकून त्यांनी दोरी बांधली, तिच्या टोकाला पेन्सिल अडकवली आणि वाकून वर्तुळ काढलं. मग करवत आणायला आत गेले.

मला राहवेना. पट्टी घेऊन दोरी मोजली. खिळ्यापासून पेन्सिलीपर्यंत साडेचोवीस इंच. ही त्रिज्या. दुप्पट केली, व्यास एकोणपन्नास. त्याला बावीसने गुणून सातने भागलं, परीघ एकशे चोपन्न. माणशी बावीस धरले तर माणसं सात. पुन्हा केलं. सातच.

घरात तर आम्ही आठ.

दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा दोरी मोजली. ती काय वाढणार!

"काय गं मास्तरीण," काका करवत घेऊन आले, "घाण्याला जुंपल्यासारखी काय फिरतेस?"

"हे सात जणांचंच आहे."

"हो. मग?"

"मग मी कधी जायचं?"

"कुठे?"

"मावशीकडे."

"कोण धाडतंय तुला? अगं, तुला धरून सात. तुझ्या आईनेच आकडा दिला." ते बोटं मोजू लागले. "तुम्ही दोघं भावंडं, माझ्या तिघी, म्हातारी, मी..." आणि थांबले.

"आणि आई?" मी विचारलं.

आई हात पुसत बाहेर आली होती. "मी वाढणार की बसणार? उगाच लाकूड कशाला घालवायचं? माझे ओट्यापाशी उभ्याने दोन घास होतात."

माझी जागा पक्की झाली होती, तरी जिवाला चैन पडेना.

काकांनी मला विचारलं, "आठांना किती?"

"एकशे शहात्तर परीघ. दोरी अठ्ठावीस इंच."

मीच दोरी सोडून लांब बांधली आणि फिरवली. दोन बाजूंना पेन्सिल फळ्यांच्या बाहेर गेली.

"बघा, पुरत नाही," आई म्हणाली. तिला बरंच वाटलं असावं.

"हवेत कुठे चाललीस, मास्तरीण!" काका हसले. आत जाऊन त्यांनी गडद लाकडाच्या दोन पट्ट्या आणल्या आणि दोन्ही कडांना जोडल्या. रंग जुळला नाही तो नाहीच.

पहिल्या जेवणाला आई खुर्चीच्या टोकावर बसली. मीठ आणायला उठली. पाण्यासाठी उठली. उगाचच उठली.

"अगं, खुर्चीला काय खिळे आहेत का? बस की!" म्हातारी ओरडली.

बसली, आणि पुन्हा उठली. ती उठली रे उठली की धाकटा आपलं ताट तिच्या जागेत सरकवायचा. मी ते ढकलून परत त्याच्यापुढे ठेवायचे.