दवाखान्याच्या गाडीतलं घर

माझं नाव राही. घोडेगावात जन्मले आन् घोडेगावातच दिली. वरच्या आळीतनं खालच्या आळीत आले, येवढाच माझा प्रवास. आन् नवरा कोन मिळाला? तर येष्टीचा डायवर! श्रीमंत त्यांचं नाव, पन सगळा गाव डायवरच म्हनतो, मीबी तेच म्हनते. पंचवीस वरसं ह्या मानसानं दुनियेला हिकडनं तिकडं न्हेलं. अकोले लायनीवर हुते तवा घरी आले की भंडारदऱ्याचं पानी सांगायचे, रंध्याचा धबधबा सांगायचे. मी भाकरी थापत ऐकायची. "रिटायर झालो की तुला समदं दाखवतो," म्हनायचे. मी म्हनायची, व्हय व्हय, दाखवा.

त्र्याहत्तर साली रिटायर झाले आन् त्याच महिन्यात नगरच्या डोळ्याच्या डाक्टरानं सांगितलं, काचबिंदू हाय. डावा डोळा गेल्यात जमा, उजवाबी जानार. वरीस लागंल न्हाईतर दोन. दवाखान्याच्या पायरीवर डायवर मला म्हनाले, "राही, ही गोष्ट कुनाला सांगू नगंस. पोरालाबी न्हाई." मी हूं म्हनलं. पन त्या पायरीवर माझं डोकं असं तापलं म्हनून सांगू! पंचवीस वरसं थांबले ते ह्यासाठी व्हय? तितंच ठरवलं, उजवा डोळा हाय तवर निघायचं. त्यांनी दाखवायचं आन् मी बघायचं.

आता फिरायचं कसं, ते एका गोऱ्या जोडप्यानं शिकवलं. वेरूळला चालली हुती, आमच्यासारखीच साठीकडं झुकलेली. हमरस्त्याला आमचं घर, म्हनून पानी मागायला थांबली. बारकीशी गाडी, आन् आत बघते तर काय, बाज, चूल, पडदा, सगळा संसार! बाईनं मला आत बसवून चहा दिला. मी डायवरला म्हनलं, "अवो, घर घेऊन फिरत्यात ही. आपल्याला काय धाड भरलीय?"

डायवर लई दिसांनी हसले.

आमचा राधाकृष्ण साखर कारखान्यात कारकून. त्याला कळलं तसा तनतनत आला. "आये, मागली खोली सारवून ठिवलीय तुमच्यासाठी. आबांनी पोथी वाचावी, तू नातवंडं खेळवावीत. ह्या वयात लोक देवाचं नाव घेत्यात, मोटारी घेत न्हाईत. गाव काय म्हनंल?"

"देव काय तुझ्या मागल्या खोलीत बसलाय व्हय रं?" मी म्हनलं. "आन् गावाला म्हनू दे काय म्हनायचं ते. गावानं मला कवा कुटं न्हेलं हुतं?"

तो फनकाऱ्यानं गेला. दुसऱ्या दिवशी आमी नगरला गोरक्ष मिस्त्रीच्या गॅरेजात.

गोरक्ष लिलावातल्या जुन्या गाड्या घेऊन नीट करून इकायचा. त्याच्याकडं दोन हुत्या. एक येष्टीतनं काढलेली बस, आन् एक मिल्ट्रीची, दवाखान्याची, आजारी मानसं न्ह्यायची गाडी. बस बघितल्याबरोबर डायवरचा चेहरा उजळला. टायरवर लाथ मारून बघितली, काचा पुसल्या, आत चढून आपल्या जागेवर बसले. "राही, ही बघ! हिच्यात खाट बसंल, कपाट बसंल, वर तुझं देवघर बसंल."

"हिच्यात काय लगीन लावायचंय?" मी म्हनलं. "दोन मानसं, दोन ताटं. येवढी जागा झाडायची कुनी?"

हे तोंडावरचं झालं. खरी गोष्ट येगळीच हुती. ते खाली उतरून इंजीन बघायला गेले तवा मी हळूच त्यांच्या जागेवर बसले आन् दोनी हातांनी ते ष्टेरिंगचं चाक फिरवून बघितलं. तसूभर हाललं न्हाई. म्हंजी ह्यांचा उजवा डोळा गेला की ही बस जितं असंल तितंच उभी ऱ्हानार, आन् आमीबी तितंच. मग मी दवाखान्याच्या गाडीकडं गेले.

माझा बाप बाजारातला बैलांचा दलाल. शिंगाच्या रंगाकडं बघायचा न्हाई. बैल चालवायचा, वळवायचा, मागं सरकवायचा, मग बोलायचा. मीबी तसंच केलं. दारं उघडली, लावली. आत दोनी बाजूला बाकडी, खाली पेट्या ठिवायला जागा, कोपऱ्यात ष्टो बसंल, हंडा बसंल. डायवरला म्हनलं, "जरा आडवं व्हा बघू." कुरकुरत झाले. पाय दाराला टेकले, पन दार लागलं. मग म्होरं बसून चाक फिरवलं. जड हुतं, पन फिरलं! माझ्या हातांनी फिरलं.

"हीच घ्यायची," मी म्हनलं.

"आगं, हिच्यात मढी वाह्यली असतील!"

"मढी दवाखान्यात कशाला न्हेतील? जगतील अशी मानसंच न्हेली असतील की हिनं."

गोरक्ष खाली मान घालून हसला. "चालवून तर बघा, डायवरसाहेब."

डायवर बसले. गाडी चालू केली, पन ब्रेकवरचा पाय काढंनात. आमी मागं बाकड्यावर. पाच मिंटं झाली, गाडी जागची हालंना. गोरक्ष घाबरला, उतरून बॉनेट उघडाया निघाला. मला मात्र उमगलं. मी मागनं पत्र्यावर दोनदा वाजवलं, ठण् ठण्. तशी गाडी निघाली! पंचवीस वरसं कंडक्टरच्या डबल बेलबिगर पाय न हाललेला मानूस, काय करनार? गोरक्ष पोट धरून हसला, मीबी हसले.

पन फाटकापाशी हसू इरलं. डायवरनी ती बारकी गाडी मोठ्या बससारखी वळवली. आदी उजवीकडं लांब घेतली, मग डावीकडं ओढली, आन् धाडदिशी डाव्या अंगानं खांबाला घातली. पत्रा चेपला. ते तसेच चाक धरून बसले. गोरक्ष पत्रा बघाया उतरला तवा मला हळूच म्हनाले, "हा खांब कवा आला?"

"खांब तितंच हुता," मी म्हनलं. "तुमाला दिसला न्हाई."

"कुनाला सांगू नगंस."

"सांगत न्हाई. पन गाडी मी चालवनार."

असे भडकले! "माझ्या जागेवर? साहेबाला बसू दिलं न्हवतं मी त्या जागेवर! तू बसनार?"

"बसनार! मला कवा कुटं न्हेलं न्हाईत, तवा आता मी तुमाला न्हेनार. राग यायचा तर येऊ द्या."

गाडी घेतली, चेपलेल्या पत्र्यासकट. आठ दिस डायवर माझ्याशी बोलले न्हाईत. मी काय रडत बसले न्हाई. रोज येष्टीनं नगरला जायची, गॅरेजामागच्या मोकळ्या रानात गोरक्ष मला शिकवायचा. कासोटा घट्ट मारायची आन् बसायची. बघायला ही गर्दी! कुनी शिट्ट्या मारायचे. मी म्हनायची, मारा, तुमच्या आयांनाबी घेऊन या. चार वेळा बाभळीत घातली, पाच वेळा बाहेर काढली, हिशोब जुळत न्हाई पन तसंच झालं. रातच्याला हात उचलत न्हवते.

नवव्या दिवशी गेर टाकताना गाडी अशी काय कराकरा वरडली, तर मागनं आवाज आला, "क्लच दाब की! पूर्न दाब! जीव घेशील तिचा!"

डायवर! रानाच्या कडंला, कवापासनं उभे हुते कोन जाने. तरातरा आले, गोरक्षला खाली उतरवलं, माझ्या शेजारी बसले. "त्याला काय येतंय? घाटात गेर कवा टाकायचा त्याला ठावं हाय का?" आन् मग दोन महिने असं शिकवलं, असे बोलले, की बास. सासूबी कवा येवढं बोलली न्हवती. पन लायसन मिळालं. सायबानं दोनदा माझ्या तोंडाकडं बघितलं आन् शिक्का मारला.

निघालो तो बाजाराचा दिवस. मी म्होरं चढले, डायवर डाव्या बाजूला बसले. तेवढ्यात राधाकृष्ण गाडीला आडवा आला, दोनी हात बॉनेटवर ठिवून.

"आबा, निदान तुमी तरी चालवा! भर बाजारातनं आई मोटार चालवनार आन् तुमी शेजारी बसनार? मला कारखान्यात तोंड दाखवायला जागा ठिवा!"

माझ्या ओठावर सगळं आलं हुतं. पन शबूद दिला हुता. मी चाक आवळून धरलं.

डायवरनी काच खाली केली. "राधाकृष्णा, मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. उजवाबी चाललाय. तुझ्या आईला ठावं हाय, मीच सांगू दिलं न्हवतं."

पोराचे हात बॉनेटवरनं सरकले. "मग आबा... मग कशाला जाताय? घरी ऱ्हावा की."

"मी चाकावर बसलो तर ही माझ्या डाव्या अंगाला येती. आंधळ्या बाजूला. हितं बसलो तर उजव्या अंगाला येती. धबधबा लई येळा बघितलाय मी. तो बघतानाची ही न्हाई बघितली कवा. सर बाजूला."

राधाकृष्ण सरला. मी क्लच पूर्न दाबला, गेर टाकला. डायवर माझ्याकडं बघत हुते, मला कळत हुतं. मला त्यांच्याकडं बघता येईना. म्होरं रस्ताभर बाजाराची बैलं हुती.