चानसेमच्या हवेची मोजणी

सकाळी साडेसहाला चानसेम गावच्या भोंग्यातून सरपंच बांग माल्सुनबाईंचा आवाज घुमला.

"ऐका हो. आज हवा मोजायला माणसं येताहेत. कोंबडीखत पसरायचं नाही. आंबवलेल्या सोयाबीनच्या रांजणांची झाकणं उघडायची नाहीत. गोठे दोनदा धुवायचे. आणि ग्वाकभाऊजी, तुमचे ते रबरी बूट आज घराबाहेर दिसता कामा नयेत. का ते सगळ्यांना ठाऊक आहे."

गावामागच्या घळीत एका कंपनीला कचऱ्याचा डेपो करायचा होता. घळीच्या खाली गावाचा झरा. अख्खं गाव त्याचंच पाणी पीत होतं. तळाशी जाड प्लास्टिक अंथरू, असं सांगून कंपनी पाण्याच्या परीक्षेत पास झाली होती. उरली होती वासाची. माल्सुनबाईंचा हिशेब सोपा होता. हवा स्वच्छ आहे असं एकदा कागदावर आलं, की इथे कचरा टाकायची कुणाची छाती होईल?

दहा वाजता सरकारी तपासनीस मेंग येरान आली. मुलगी जेमतेम सव्वीसची. तिने चावडीच्या अंगणात तिपाईवर यंत्र उभं केलं. ते एक वाजेपर्यंत अमोनिया मोजणार होतं. सोबत कंपनीचे नामगुंगसाहेब, कडक इस्त्रीत. अकरा वाजता आकडा होता शून्य पूर्णांक शून्य. माल्सुनबाईंची मान ताठ झाली. नवल म्हणजे नामगुंगसाहेबही खूश दिसत होते.

"वा, सरपंचबाई! काय हवा आहे तुमची!"

"आहेच मुळी," बाई म्हणाल्या, पण मनात पाल चुकचुकली.

साडेअकराला चावडीच्या स्वयंपाकघरातून चुन्जावहिनी बाहेर आल्या. बूटवाल्या ग्वाकभाऊजींच्या त्या बायको, आणि गावच्या पंगतींच्या सर्वेसर्वा. हातात भलंमोठं ताट. त्यात उकडलेलं डुकराचं मांस, कोबीची जुनी आंबट किमची आणि मधोमध पंधरा दिवस पेंढ्यात मुरवलेलं पाकट, अमोनियाने नाक झोंबवणारा मासा. पाहुणा आला आणि ताटात पाकट नाही, असं चानसेममध्ये कधी घडलंच नव्हतं. त्यामुळे सकाळच्या यादीत पाकट घालणं कुणाला सुचलंही नव्हतं. खत घाण. बूट घाण. पाकट म्हणजे पाहुणचार.

ताट यंत्रापासून दोन हातांवर टेकलं. यंत्र किंचाळलं.

येरानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नामगुंगसाहेबांनी टायनेच नाक दाबलं.

"चार पूर्णांक आठ," येरान कसंबसं म्हणाली. "मर्यादा एकची आहे."

"अगं बाई वहिनी, काय केलंस हे!" माल्सुनबाईंनी कपाळावर हात मारला. गेला झरा.

"काय केलं म्हणजे? पाहुण्यांना काय उपाशी घालवू? आणि रडतेस काय गं पोरी, तिखट नाहीये ते."

"रद्द करा! परत मोजा!" नामगुंगसाहेब ओरडले.

बाई चमकल्या. गावाची घाण निघाली तर याच्या पोटात का दुखावं?

येरानने डोळे पुसून नियम वाचला. गावाचा आत्ताचा वास आणि डेपोचा वास, दोन्ही मिळून एकच्या आत हवेत. डेपोचा अंदाज शून्य पूर्णांक सहा. गाव शून्य असतं, तर परवानगी मिळाली असती. गावच मर्यादेबाहेर असेल, तर नव्या वासाला जागा नाही.

माल्सुनबाईंनी दोनदा बेरीज केली. मग ताट उचलून यंत्राच्या आणखी जवळ सरकवलं.

"हे रोजचं नाही! मासा आहे तो!" साहेब म्हणाले.

"नेहमी होतं का असं?" येरानने विचारलं. "मला दुर्गंधीचं कारण लिहावं लागतं."

"दुर्गंधी?" चुन्जावहिनी भडकल्या.

"गप गं," माल्सुनबाई म्हणाल्या. "लिही बाळा, दुर्गंधीच लिही. भयंकर लिही. पाहुणा आला की होतंच."

"मग मी परत येईन," नामगुंगसाहेब म्हणाले. "हवा स्वच्छ मिळेपर्यंत येत राहीन!"

"या की. कधीही या. पाहुणेच तुम्ही."

आठवड्याने ते येरानला घेऊन न कळवता आले. फाट्यावर बसणाऱ्या एका आजोबांनी भोंग्यावरून कळवलं, आणि यंत्र तिपाईवर चढायच्या आत ताट हजर. चार पूर्णांक तीन. पुढच्या खेपेला सहा, कारण तीन घरांनी आपापलं पाकट आणलं होतं.

चौथ्या वेळी साहेब घरचा डबा घेऊन आले; पाहुणचार नको, म्हणजे ताटही नको. तो पाहून चुन्जावहिनींचा चेहरा पडला.

"आमच्या दारात येऊन घरचं खाताय? आमचं काय चुकलं?"

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. नामगुंगसाहेबांनी डब्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि डबा बंद केला. पाकटाचा एक तुकडा किमचीत गुंडाळून तोंडात टाकला. कानातून वाफ निघाल्यासारखा चेहरा झाला.

मग येरानला म्हणाले, "यंत्र नको लावूस."

आणि वहिनींना, "अजून एक तुकडा आहे का?"