गोळ्यांचा भाव

वर्ना योस्टने काचेच्या कपाटाचं कुलूप उघडलं आणि सलग आठव्या गुरुवारी तीच तीन पिस्तुलं हार्लन डेटवायलरसमोर हिरव्या कापडावर मांडली. त्यातलं मधलं, दोनशे एकोणनव्वदचं, त्याने घेतलं तर तिच्या पदरात चौदा डॉलर पडणार होते. नाही घेतलं तर नेहमीप्रमाणे तिच्या थर्मासमधली दोन मग कॉफी जाणार होती. व्यवहार उघड तोट्याचा होता. तरी गुरुवारी सकाळी कॉफी करताना ती एक चमचा पूड जास्तच घालायची.

"मूठ बारीक आहे," हार्लन म्हणाला.

"गेल्या आठवड्यात जाड होती."

"गेल्या आठवड्यात थंडी होती. बोटं आखडली होती."

हार्लनला काही वाघ मारायचा नव्हता. घरामागे मातीचा उंच बांध होता, त्याच्यापुढे रिकामे डबे मांडायचे आणि एकेक पाडायचा, एवढीच हौस. त्याला पॉइंट टू-टूचं, बारीक गोळीचं साधं पिस्तूल पुरे: हाताला धक्का नाही, आवाज बेताचा, गोळी स्वस्त. चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला परवडेल असं. पिस्तूल ठरत नव्हतं, पण डबे मात्र तो नेमाने साठवत होता.

"किती झाले?" वर्नाने विचारलं.

"एकेचाळीस. टोमॅटो सूपचे जास्त."

एकेचाळीस डबे म्हणजे एकेचाळीस संध्याकाळी. वर्नाने मनात नोंद केली आणि वर म्हणाली, "एवढं मीठ खातोस, एल्डा असती तर चांगलं झाडलं असतं तुला."

"एल्डा असती तर डबे झालेच नसते." गेलेल्या बायकोचं नाव निघताच त्याने तिसरं पिस्तूल उचललं, चारशे एकोणीसचं. नळी छताकडे धरून एक डोळा मिटला आणि किमतीची चिठ्ठी दिसताच ते अलगद खाली ठेवलं. "पन्नास गोळ्यांच्या पेटीचा भाव काय?"

"चार नव्वद."

"वाढला."

"गेल्या गुरुवारी हाच होता."

"तेव्हाही वाढलेलाच होता."

तो गेल्यावर मागच्या खोलीतून ट्रेंट बाहेर आला. दुकान त्याचं; बापाच्या पश्चात चार वर्षं तोच चालवत होता, आणि वर्ना त्याची सख्खी मावशी.

"मावशी, तो घेणार नाही. शेकायला येतो इथं."

"ओहायोत ऑक्टोबरात शेकायला कोण येत नाही?"

"आज गल्ल्यात सव्वीस डॉलर पडलेत. त्यापेक्षा दिव्याचं बिल जास्त." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "पुढच्या गुरुवारी एक तरी पिस्तूल खपलं तर ठीक. नाहीतर नोव्हेंबरपासून गुरुवारी दुकान बंद ठेवतो."

गुरुवार म्हणजे वर्नाच्या पगारातले शहाण्णव डॉलर. काचेवर हार्लनच्या कोपरांचे दोन ठसे उमटले होते. फडकं घेऊन तिने उरलेली सगळी काच पुसली.

पुढच्या गुरुवारी हार्लन दाढी करून आला. सदरा इस्त्रीचा होता. वर्ना कपाट उघडते तोच त्याने बोट दाखवलं.

"ते शेवटचं दे. चारशे एकोणीसचं."

"हातात तरी घेऊन बघ."

"आठ वेळा बघितलंय."

"महाग आहे म्हणून आठही वेळा खाली ठेवलंस."

"आता नाही ठेवत." त्याने खिशातून जाडसर पाकीट काढलं आणि पाचापाचाच्या, दहादहाच्या नोटा कापडावर मोजल्या. चारशे पंचावन्न डॉलर झाले. वर्नाने सरकारी फॉर्म पुढे सरकवला. तो मान खाली घालून नाव-पत्ता लिहू लागला.

"गोळ्या?"

"एक पेटी. पुरे."

भाव त्याने विचारला नाही.

सरकारी मंजुरी विचारायला वर्नाचा हात फोनकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. या काउंटरवर एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. ट्रेंटच्या बापाने तो तिला पहिल्याच दिवशी सांगितला होता, आणि सांगताना त्याचा आवाज फुटला होता. एकटा माणूस, पहिलंच पिस्तूल, घासाघीस नाही आणि गोळ्यांची फिकीर नाही, तर त्या दिवशी विकायचं नाही. फोनवरून मंजुरी आली तरी नाही. त्याने एका शाळामास्तराला विकलं होतं, असंच, एक पेटी देऊन; मास्तरला एकच गोळी लागली, स्वतःसाठी.

"हार्लन, बरा आहेस ना?"

"पिस्तूल घ्यायला आलोय. दवाखान्यात नाही."

"झोप लागते?"

त्याने पेन खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला काय वाटतंय ते त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले.

"तसं काही नाही, वर्ना."

"मग आठवडाभर थांब. मी बाजूला ठेवते, तुझ्या नावाने."

"पुढच्या आठवड्यात उपयोग नाही."

वर्नाने अर्धवट भरलेला फॉर्म परत ओढून घेतला. तिने पिस्तूल उचललं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. "आज नाही देणार मी."

हार्लन क्षणभर मागच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. नोटा गोळा केल्या, पाकिटात सरळ लावल्या आणि कॉफी न घेता निघून गेला.

ट्रेंट जेवायच्या सुट्टीत आला तेव्हा ती अजून किल्ली मुठीत धरून उभी होती. झालं ते तिने सांगितलं.

"नाही दिलंस?" ट्रेंट हातातलं सँडविच ठेवून खुर्चीत बसला. "अगं, मीच त्याला रविवारी चर्चमधून निघताना बोललो होतो. गंमत म्हणून. म्हटलं, हार्लनकाका, तुमच्या घोळापायी मावशीचा गुरुवार जातोय."

वर्नाने काउंटरवरचा कॅल्क्युलेटर ओढला. चारशे एकोणीस, त्यात एक पेटी, वर कर. चारशे त्रेपन्न आणि सत्तावन्न सेंट. हार्लनने मोजलेल्या चारशे पंचावन्नात दुसरी पेटी बसत नव्हती, एवढंच.

"आता गुरुवार चालू ठेवू का?" ट्रेंटने हळूच विचारलं.

"खपलं का काही?" वर्ना म्हणाली.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी दुकान बंद होतं. वर्नाने नवऱ्याचं जुनं पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर आणि गोळ्यांची एक पेटी गाडीत ठेवली, थर्मास भरला आणि चार मैलांवरच्या त्या पिवळ्या घरापुढे गाडी लावली. दार उघडायला त्याला वेळ लागला. सदरा चुरगळलेला होता, दाढी वाढलेली. आतून टोमॅटोचा वास येत होता.

दोघंही दारातच उभी राहिली.

"डबे किती झाले?" तिने विचारलं.

"चौपन्न." त्याची नजर तिच्या हातातल्या गोळ्यांच्या पेटीवर गेली. "कितीला दिली ही?"

"चार नव्वद."

"दुकानातल्या माणसालासुद्धा?"

"मलासुद्धा."

"आणि पैसे तू भरलेस."

"मग कोण भरणार?"

"जास्त घेतले तुझ्याकडून," हार्लन म्हणाला, आणि हात लांब करून खुंटीवरची टोपी काढली.