डावा हात

भार्गव सर शिकवायला लागले की ऐकत राहावं असं वाटायचं. "पोराला ढ म्हणत राहा, वर्षभरात ते खरोखर ढ होतं," ते सांगायचे. "शाळा नुसते धडे शिकवत नाही. तुझी जागा कुठली, हेही शिकवते." आदिलाबादच्या एका बी.एड. कॉलेजात शिक्षणाचं समाजशास्त्र हा विषय त्यांच्याकडे होता, आणि हा भाग सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. त्यात ढोंग नव्हतं. पण त्या तासानंतर सराव पाठ असायचे, आणि तेच सर चष्मा पुसत म्हणायचे, "रंजीता, आज तू ढ हो."

सराव पाठात एक जण शिक्षक होतो आणि बाकीचे शाळेतली पोरं होऊन बाकांवर बसतात. कोणी हुशार व्हायचं, कोणी खोडकर, आणि एक ढ तर हवाच. नाहीतर शिकवणाऱ्याचं कसब दिसणार कसं? रंजीता जवळच्याच तामसी गावची, भाजी विकणाऱ्या मारोतरावांची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. तिच्या इंग्रजीला दर दोन शब्दांनी ठेच लागायची. हिला वेगळं सोंग घ्यायची गरज नाही, असं सरांना वाटलं असावं. ती उभी राहायची, डोकं खाजवायची, भलतंच उत्तर द्यायची. वर्ग खदाखदा हसायचा आणि सर म्हणायचे, "शाब्बास! काय सुरेख ढ होतेस गं!"

त्या शाब्बासकीनं ती फुलायची, हीच तर खरी लाज. मग घरी जाताना तामसीच्या बसमध्ये तिचा चेहरा लाल व्हायचा आणि ती सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसायची. शेवटच्या पाठाला असं शिकवीन की पुन्हा कोणाची मला ढ म्हणायची छाती होणार नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

शेवटचा पाठ तामसीच्याच शाळेत आला. बाहेरून परीक्षक येणार होत्या आणि सरही मागे बसणार होते. पाठ इंग्रजीत, विषय नद्यांचा.

आदल्या दिवशी रंजीतानं पोरांना एक युक्ती पढवली. गावोगावच्या शाळांनी तपासनीसांपुढे वापरून गुळगुळीत केलेली जुनीच युक्ती. "मी काई बी इचारलं तरी सगळ्यायनं हात वर करा. इंग्रजीत येते त्यानं उजवा, नाई येत त्यानं डावा. मी उजव्यालेच उठवीन."

तिच्याच गल्लीतली चंद्रभागा पुढच्या बाकावर होती. आजीचं नाव ठेवलेली, तोंडानं चुरचुरीत पोर. ती म्हणाली, "ताई, मले येते, पन आपल्या बोलीत येते. मंग कोनता करू?"

"डावा. अन् उद्या मले ताई नोको म्हनू. मॅडम म्हन."

"काऊन?"

"हे काऊन बी नोको म्हनू," रंजीता म्हणाली, आणि सगळी पोरं हसली. चंद्रभागाही हसली.

पाठ सुरू झाला आणि झकास रंगला. प्रश्न विचारला की हातांचं रान उभं राहायचं. परीक्षक बाई खूश होऊन मान हलवत होत्या. उजवे हात उठत होते, पाठ केलेली उत्तरं देत होते, बसत होते. चंद्रभागाचा डावा हात प्रत्येक वेळी सगळ्यात उंच होता, बूड बाकावरून उचललेलं. रंजीता तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होती.

मग परीक्षक बाईंनी स्वतःच इंग्रजीत एक प्रश्न टाकला. नदीचा पूर ओसरल्यावर शेतात मागे काय राहतं?

सगळे हात वर झाले आणि सगळे डावे. चंद्रभागाचे ओठ हलत होते. त्यांवर 'गाळ' हा शब्द स्पष्ट दिसत होता. पैनगंगेचं पाणी शिवारात शिरतं त्या गावच्या पोरीला ते येणारच. तिला उठवलं असतं तर बाईंना उत्तर मिळालं असतं, पण रंजीताच्याच गल्लीतल्या बोलीत, भार्गव सरांसमोर.

"व्हेरी गुड! सगळ्यांना येतं!" रंजीता म्हणाली, वळली आणि फळ्यावर स्वतःच इंग्रजी शब्द लिहून मोकळी झाली.

पाठ संपल्यावर परीक्षक बाईंनी तोंड भरून कौतुक केलं. भार्गव सर तर हरखून गेले होते. "ओळखू येत नव्हतीस! एकही पोर मागे नाही, सगळ्यांचे हात वर. मी शिकवतो ते कोणाला तरी कळलं म्हणायचं!"

याच शब्दांसाठी तिनं वर्ष काढलं होतं. पण गोड काही लागलं नाही, कारण चंद्रभागा येऊन तिच्या पुढ्यात उभी होती.

"मॅडम," ती जपून म्हणाली, "गाळ मले येत व्हता. अगदी तोंडात आला व्हता. पन मी डावाच धरला. दुखला तरी खाली नाई घेतला. बराबर केलं ना?"

चुकलं माझं पोरी, एवढंच म्हणायचं होतं. पण सर हातभर अंतरावर होते.

"शाब्बास," रंजीता म्हणाली.

पोर फुलली. ते फुलणं रंजीताला चांगलं ओळखीचं होतं. तिचे कान तापले, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोराला ढ कसं बनवतात यावर तिनं सरांच्याच विषयाच्या पेपरात पानंच्या पानं लिहिली होती.

"मॅडम, मंग आता रोज डावाच करू ना?"

"डावा?" सरांनी हसत विचारलं. "डावा कशाचा गं?"

"खेळ आहे सर," रंजीता घाईनं म्हणाली. "पोरांचा खेळ."

चंद्रभागानं एकदा ताईच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय ते लगेच उमगलं.

"हो सर, खेळच हाय," ती म्हणाली आणि डावा हात हळूच पाठीमागे नेला.