उपासाची मिश्री

आमच्या बायकोला, कमलाला, उपासाचा लई अभिमान. अष्टमी-चतुर्दशीला पाण्याचा थेंब घ्यायची न्हाय. पण दातांना मिश्री? ती रोज चारदा, आणि उपासाला सहादा, भूक मरती म्हणून! काय बोलावं तर म्हणायची, "अहो, मी गिळतो कुठं? थुंकतो की!" आणि निपाणीतल्या माझ्या वखारीतलं निवडक तंबाखूपान घरी आणून द्यायचो मीच. ती ते तव्यावर भाजून पूड करायची, तीच मिश्री.

यंदा तिच्या गालात पांढरा चट्टा उठला. बेळगावात दिव्या डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला धाडला. आठ दिवस अहवालाची वाट बघत काढले. बाई गेली तर मी काय करू, या भीतीनं मी वखारीतही गेलो न्हाय.

नवव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण पेशी बिघडायला लागल्यात."

"म्हंजे?"

"मिश्रीतलं विष रोज त्याच जागी पेशी मारतं. शरीर घाईनं नव्या घडवतं, पण विषानं त्यांची घडणच चुकते. चुका साठत गेल्या की एखादी पेशी थांबायचं विसरते आणि वाढतच सुटते. तोच कॅन्सर."

"पण मी थुंकतो की!" कमला म्हणाली.

"तुम्ही थुंकता, काकू. गाल थुंकत नाही. तो पिऊन घेतो."

कमलाचा चेहरा पडला. "अगं बाई! म्हंजे माझं सगळं उपास मोडलं?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हटलं, "उपासाचं मरू दे! जगलीस की गं! आणि डॉक्टर, ते पान मीच द्यायचो. आजपासनं बंद."

पुढं महिनाभर ती मिश्रीवाचून अशी तडकायची, की मांजरसुद्धा शेजारी राहायला गेलं. पण बोट काय तिनं दाताला लावलं न्हाय.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. "चट्टा गेला, काकू! तरी अधनंमधनं दाखवत राहा."

मलाही बघायचं होतं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, बाईनं तोंड उघडलं की मी चप्पल घालून बाहेर पळायचो. त्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांदेखत बॅटरी धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "उघड गं, अजून मोठं उघड!"