लाल टेबलक्लॉथ

दारावर पुन्हा थाप पडली तेव्हा ओतिलियाने ब्लीचची बाटली छातीशी घट्ट धरली. साथ सुरू झाल्यापासून ती कुणाला शिवली नव्हती, की तिला कुणी. मुलगा दूर काली शहरात अडकलेला. तो फोनवर रोज बजावायचा, "आई, दार उघडायचं नाही."

"कोण आहे?"

"मी नुबिया. वरची."

ओतिलिया दारापासून दोन पावलं मागे सरली. नुबिया हॉस्पिटलात सफाईचं काम करायची. तिला जिन्यात पाऊलच ठेवू देऊ नका, असा सगळ्यांत आधी आरडाओरडा केला होता तो ओतिलियानेच. आपल्या वयाला हा रोग जडला की खेळ खल्लास, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"काय हवंय तुला?"

"मला काही नको. आहियाको आणलंय, बटाट्याचं सूप, गरम आहे. रस्त्यावरून तुमच्या खिडकीत लाल कापड दिसलं."

ओतिलियाने वळून पाहिलं. सकाळी नाताळातल्या टेबलक्लॉथवर कपातलं गरम चॉकलेट सांडलं, म्हणून तिने तो धुऊन गजांवर वाळत टाकला होता. लालभडक. घरातलं अन्न संपलं की खिडकीला लाल कापड लावायचं, हे अख्ख्या सोआचा शहरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, आणि तिच्या मात्र ध्यानात आलं नाही! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, धुणं आहे ते! घरात तांदूळ आहे, मसूर आहे. जा तू."

पावलं वाजली नाहीत. दारापलीकडे कुणीतरी श्वास घेतंय, या विचारानेच तिच्या अंगावर काटा आला.

"गेलीस का?"

"नाही. धुणं आहे ते कळलं मला. जिन्यात तुमच्या मसुराचा वास सुटलाय की."

"मग दार कशाला वाजवलंस?"



"ओतिलियाबाई, मी जिना चढायला लागले की सगळी दारं धडाधड लागतात. म्हटलं, भुकेल्या बाईचं तरी उघडेल; मग वास आला, पण पाय मागे फिरेना."

ओतिलियाने मास्क चढवला. कडीला हात घातला.

"मागे सर. भिंतीपर्यंत."

तिने दार उघडलं. पातेलं उंबऱ्याशी होतं आणि नुबिया भिंतीला चिकटून उभी होती. तिचे हात ब्लीचने सोलवटून लाल झाले होते.

"काय दशा करून घेतलीस हातांची!"

"तुमचे तरी काय वेगळे आहेत?"

ओतिलियाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते पटकन शालीखाली लपवले. मग तिला हसू आलं. भीती काही गेली नाही. दार लावल्यावर तिने पातेलं बाहेरून दोनदा पुसलं, आणि सूप संपेपर्यंत चमचा खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलक्लॉथ खडखडीत वाळला होता. रस्त्यावरच्या कुणाची फसगत नको, म्हणून तिने तो खिडकीतून काढला. घडी घातली, पुन्हा मोडली. मग दार किलकिलं करून तो बाहेरच्या कडीला बांधला. तिच्या दारावरून वर जाणारी एकटी नुबियाच होती.

आत येऊन तिने हात धुतले आणि दोघींपुरता मसूर भिजत घातला.