पिवळी फुलं

उत्तराने द्राक्षाची वेडीवाकडी फांदी डेलच्या ट्रकच्या बॉनेटवर आपटली.

“बघ! पानं कशी पंख्यासारखी आक्रसलीत. तुझ्या मक्यावरचं तणनाशक उडून आलंय.”

बोलली ती इंग्रजीत, पण राग अस्सल कोल्हापुरी होता. डॉक्टरकी सोडून ती आणि गुरुदत्त ॲन आर्बरबाहेरच्या या रानात आले, अमेरिकेतल्या शेतीत वाइनची द्राक्षं लावायला. औषधाचा थेंबही नाही, सगळं ऑरगॅनिक. असं तीन वर्षं निभावलं की सर्टिफिकेट. हे तिसरं वर्ष होतं, ऑगस्टमध्ये तपासणी होती. अनयाकडून, म्हणजे लेकीकडून, सनीव्हेलहून आठवडाभराने ती काल रात्री परतली आणि सकाळी पाहते तर घराकडच्या चार ओळींचा हा अवतार. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

बांधापलीकडच्या डेलने टोपी काढली. शेत अजून ओलं आहे, या वर्षी फवारणीचा पंप बाहेरसुद्धा काढलेला नाही, असं तो म्हणाला.

“खोटं! माझी तीन वर्षं चोरलीस तू. चोर आहेस, वर खोटारडाही.”

गुरुदत्त शेजारी उभा होता. मूग गिळून. डेलने त्याच्याकडे एकदा पाहिलं, फांदी उचलून उत्तराच्या हातात दिली आणि तो आत गेला.

परतताना उत्तरा बोलतच होती. वकील करू, प्रयोगशाळेत पानं पाठवू, या माणसाला सोडायचं नाही. घरासमोरच्या हिरवळीपाशी मात्र तिचा पाय अडखळला. दर मे महिन्यात इथे डँडेलायनची पिवळी फुलं इतकी माजत, की हिरवं दिसत नसे. आज एकही नव्हतं. ती खाली वाकली. गवतात सुकलेले देठ होते, पीळ भरलेले. तिने हातातली फांदी त्यांच्याजवळ धरली. तोच पीळ होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती तिने.

“गुरू?”

“रविवारी महाराष्ट्र मंडळाची माणसं येणार ना, वाइन चाखायला,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “त्यांच्यातला तो पोरगा, यशोधन, म्हणाला होता, ‘काका, हे लॉन आहे की कुरण?’ मग तू नसताना लॉनवाल्याला बोलावून तणनाशक मारून घेतलं. वाटलं, लॉन वेगळं, बाग वेगळी. वाऱ्याचं लक्षातच आलं नाही.”

“तीन वर्षं, गुरू. आता पुन्हा पहिल्यापासून.”

“हो.”

“तुला कळलं कधी?”

तो घराकडे वळला.

“कधी कळलं?”

“सकाळी. तू पानं दाखवलीस तेव्हा.”

सकाळी. म्हणजे डेलच्या दारात जाण्याआधी. तिचा संताप आता आवाजात मावेना. द्राक्षांसाठी ती रडली असती, भांडली असती आणि संध्याकाळी त्याच्यासाठी चहाही टाकला असता. पण एका भल्या माणसाला ती चोर म्हणत असताना हा शेजारी उभा होता आणि ऐकत होता. चाळीस वर्षांच्या संसारात तिला त्याची एवढी चीड कधी आली नव्हती.

तिने फांदी त्याच्या हातात कोंबली.

“चल.”

“कुठे?”

“डेलकडे. आता तू बोल. मी शेजारी गप्प उभी राहते.”